नोटीस पिरियडमध्ये घरून काम म्हणजे पगारी सुट्टी? एका पोस्टला उत्तर

चिपळूणचा_कोडर
परवा एका डिलिव्हरी मॅनेजरसाहेबांची पोस्ट फिरत होती. ‘राजीनामा दिलेल्याला नोटीस पिरियडमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंतच्या मुदतीत, घरून काम म्हणजे तीन महिन्यांची पगारी सुट्टी. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात बसवा, निम्मे लोक राजीनामा मागे घेतात.’ खाली टाळ्याच टाळ्या. गप्प बसणार होतो, पण ते शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणजे कामासाठी नाही, जिरवायला बोलावता. कबूल केलंत हे बरं झालं.

माझंच सांगतो. टीममध्ये अकरा जण, अकराही घरून. मी २०२१ पासून चिपळूणहून. सोमवारी राजीनामा दिला, बुधवारी एचआरची मेल: शेवटच्या दिवसापर्यंत आठवड्याचे पाचही दिवस पुण्याला, हिंजवडीच्या ऑफिसात. बाकी दहा जण घरीच. मग मी वाकडला पीजी घेतला, रोज टीमच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन बसलो आणि नागपूरला घरी बसलेल्या पोराला टीम्सवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, केटी दिली, म्हणजे माझं काम समजावून सोपवलं. नव्वद दिवस. शेजारच्या खुर्चीवर हाऊसकीपिंगच्या मावशी डबा खायच्या, तेवढीच माणसाची सोबत. वडिलांच्या मोतीबिंदूला दोन दिवस रजा मागितली तर ‘नोटीसमध्ये रजा नाही, घेतलीत तर शेवटचा दिवस पुढे जाईल’.

घरून काम हा हक्क नाही, ठाऊक आहे. पण राजीनामा दिलेल्याला एक नियम आणि उरलेल्यांना दुसरा, याला पॉलिसी म्हणू नका.

बाणेरचा_मॅनेजर
नियुक्तीपत्र वाचलंय का? कामाचं ठिकाण पुणे, आणि कंपनी सांगेल तिथे जायची तयारी. त्यावर सही तुमचीच. सवलत एका मेलने आली, एका मेलने गेली.

आता माझं ऐका. आमच्या एकाला नोटीसमध्ये घरून काम दिलं होतं. केटीला कॅमेरा बंद, विचारलं की ‘सर, लाइट गेली’. पण टीम्सचा ‘कामावर आहे’ दाखवणारा ठिपका दिवसभर हिरवा. साहेबांनी टेबल फॅनला दोरीने माऊस बांधला होता, त्यानेच नंतर पार्टीत हसत हसत सांगितलं. दुसरीकडे आधीच रुजू झाला होता, पीएफच्या नोंदीत दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या. ग्राहकाची चालू सिस्टिम पडली तेव्हा रात्री दोनला लॉग कोण वाचत होतं? मी. तेव्हा हक्कांचे धडे नकोत.

सांगलीची_टेस्टर
एकाने फॅनला माऊस बांधला म्हणून दुसऱ्याने वाकडचं भाडं भरायचं? भारी न्याय आहे.

जुना_हिशेबनीस
दोघेही थोडे चुकताय. नोटीस न पाळता गेलात तर कोर्ट तुम्हाला खुर्चीत आणून बसवत नाही, पण पैसे वसूल होऊ शकतात. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडून गेलेल्या अधिकाऱ्याकडून घेतलेले दोन लाख योग्य ठरवले. सही करताना डोळे उघडे ठेवा.

सांगलीची_टेस्टर
ती सरकारी बँक होती हो. जागा रिकामी झाली की जाहिरात, परीक्षा, सगळी भरती नव्याने, हे कोर्टाने धरलं. आमच्याकडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टची वाट बघत, चाळीस पोरं बसलेली असतात. तो निकाल आयटीला जसाच्या तसा चिकटवू नका.

जुना_हिशेबनीस
बरं, तेवढं मान्य. चांगली बातमीही घ्या. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तिच्यानुसार राजीनाम्यानंतरही उरलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. ‘एफएनएफला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, पंचेचाळीस दिवस लागतात’ हे आता ऐकून घेऊ नका. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला तीस दिवस.

देवरुखकर
दोन दिवस! आमचा एफएनएफ पाचव्या महिन्यात आला, तोही लॅपटॉपचे साडेतेवीस हजार कापून. मला नोटीसभर घरून काम दिलं, उपकारच. शेवटच्या दिवशी मेल: लॅपटॉप कुरिअर करा, मूळ खोक्यात. चार वर्षांपूर्वीचं खोकं कोण ठेवतं? घरात हापूसची लाकडी पेटी होती. खाली पेंढा, मग आईची जुनी सुती साडी, मग लॅपटॉप, वर पुन्हा पेंढा. पोचला तेव्हा बिजागरी तुटलेली. एचआरचा पहिला प्रश्न, ‘की-बोर्डमध्ये गवत कसं आलं?’

बाणेरचा_मॅनेजर
आंब्याच्या पेटीत लॅपटॉप पाठवता आणि वर हक्क मागता. धन्य.

मालवणी_माणूस
पेटीला नावं ठेवू नका. लाकडी पेटीतून आंबा वाशीला डाग न पडता जातो. पुठ्ठ्याचा खोका असता तर लॅपटॉपची चटणी झाली असती.

सांगलीची_टेस्टर
पुठ्ठाच बरा. लाकडी पेटीचे खिळे आत येतात, बिजागरी त्यानेच गेली असणार.

मालवणी_माणूस
सांगलीकरांनी बेदाण्यावर बोलावं, आंब्यावर नको.

चिपळूणचा_कोडर
अहो, मुद्दा नोटीस पिरियडचा होता.

जुना_हिशेबनीस
थांबा, हाच मुद्दा आहे. देवरुखकर, लॅपटॉप नवा कितीला घेतला होता?

देवरुखकर
स्टिकरवर ६२ हजार.

जुना_हिशेबनीस
आयकरात कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा, म्हणजे उरलेल्या किमतीतून दरवर्षी तेवढी घट. चार वर्षांनी त्याची किंमत उरते आठ हजारांच्या आसपास. आठ हजारांच्या वस्तूचे साडेतेवीस हजार कापले. कंपनी टॅक्स भरताना एक हिशेब करते आणि तुमच्याकडून वसूल करताना दुसरा. मेल टाका, आकड्यांसकट.

बाणेरचा_मॅनेजर
घसारा हा टॅक्सपुरता. नवा लॅपटॉप घ्यायला आठ हजार पुरतात का? काहीही शिकवू नका लोकांना.

जुना_हिशेबनीस
बत्तीस वर्षं हेच काम केलंय, साहेब. जुन्या पंख्याच्या बदल्यात नव्याचे पैसे मागणारा घरमालक आणि तुम्ही यांत फरक काय?

बाणेरचा_मॅनेजर
पंख्याचं नाव काढू नका. असो. पहिल्या पोस्टमधलं एक मान्य, एकट्यालाच बोलावणं बरोबर नाही. बोलवायचं तर केटी घेणाऱ्यालाही बोलवावं. आमच्याकडे पुढच्या वेळेपासून दोघांनाही बोलावतो. समाधान?

चिपळूणचा_कोडर
वा. म्हणजे आता नागपूरवाल्यालाही पीजी. सर, तुम्ही मान्य करू नका, त्यात जास्त नुकसान आहे.

देवरुखकर
हिशेबनीस काका, मेल टाकली, घसाऱ्याचं कोष्टक जोडून. अर्ध्या तासात उत्तर आलं, एवढ्या लवकर पहिल्यांदाच. ‘कृपया पोर्टलवर तिकीट रेझ करा.’

जुना_हिशेबनीस
मग करा की.

देवरुखकर
पोर्टलला कंपनीचा लॉगिन लागतो. तो शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद झाला.