हॅलोवीन : सलगमचा कंदील आणि अंगठीवाला ब्रॅक

प्रश्न (लिफीकाठी)
डब्लिनमध्ये 31 ऑक्टोबरला घरी आठ-दहा मुलं जमणार आहेत. भोपळा सगळेच कोरतात, म्हणून जुन्या आयरिश पद्धतीचा सलगमचा कंदील आणि अंगठीवाला ब्रॅक (आत अंगठी लपवलेला, मनुकांचा गोड पाव) करायचा विचार आहे. सलगम कुठला घ्यायचा, किती दिवस आधी कोरायचा? ब्रॅकमध्ये नेमकं काय काय लपवतात? आणि हा सण म्हणजे शरदाचं स्वागतच ना?

कोरक्या
तिथे 'टर्निप' म्हणून जो मिळतो तो आपला पांढरा सलगम नव्हे. जांभळट सालीचा, आतून पिवळा स्वीड. तोच घ्या, सव्वा-दीड किलोचा. बूड आधी सपाट कापा, नाहीतर कलंडतो. मग वरची चकती काढा. गर इतका टणक असतो की चमचा सरळ खुपसलात तर चमचाच वाकेल. सुरीने उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या आणि एकेक चौकोन चमच्याने उचकटायचा. तास-दीड तास जातो.

भिंत एक ते दीड सेंटिमीटर ठेवा. जाड राहिली तर उजेड बाहेर येत नाही, पातळ झाली तर सुकताना आत ओढली जाते आणि तोंड मिटतं. डोळे-दात सगळ्यात शेवटी. आधी कापले तर पोखरताना तुटतात. झाकणाला भोक हवंच, नाहीतर मेणबत्ती गुदमरते. ज्योत झाकणाला लागली की घरभर जळक्या कोबीचा वास. 29 किंवा 30 तारखेला कोरा. थोडा सुरकुतला तर उत्तमच. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या टर्लो गावच्या संग्रहालयात डोनेगल परगण्यातल्या अशा एका कंदिलाचा प्लास्टरचा ठसा आहे; तो पाहिला की भोपळा फारच गोंडस वाटतो.

मनुकेवाली
ब्रॅक सोपा आहे. 350 ग्रॅम मनुका-बेदाणे 300 मिली कडक, बिनदुधाच्या गार चहात रात्रभर भिजवा. सकाळी 225 ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, 125 ग्रॅम ब्राऊन शुगर, एक अंडं, चमचाभर मिक्स्ड स्पाइस. 900 ग्रॅमच्या लोफ टिनमध्ये 170 अंशांवर साधारण तासभर. मनुका नीट भिजल्या नाहीत तर त्या पिठातलं पाणी ओढतात आणि ब्रॅक कोरडा पडतो.

अंगठी म्हणजे वर्षात लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही, काटकी म्हणजे संसारात भांडणं. प्रत्येक वस्तू बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून, भाजल्यावर खालून चीर देऊन खुपसा. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र काही न लपवलेला वेगळा ब्रॅक द्या.

जुनं_पंचांग
स्वागत नाही हो, निरोप! गेलिक (जुन्या आयरिश) गणनेत शरद 1 ऑगस्टला लागतो आणि 1 नोव्हेंबरला, साउइन या सणाला, हिवाळा. दिवस सूर्यास्तापासून मोजत, म्हणून 31ची रात्र आधीच हिवाळ्याची. दोन ऋतूंच्या या सांध्यातून मेलेले घरी येतात, हा समज. चर्चने पुढे 1 तारीख संतांना दिली, 2 मृतांना (गोव्यातही 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात). 31 ऑक्टोबरला पूर्वी मांस वर्ज्य असे, म्हणून जेवायला कोलकॅनन: कुस्करलेला बटाटा, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) आणि भरपूर लोणी.

या रात्रीनंतर ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, पूका (आयरिश लोककथांतलं रूप बदलणारं भूत) त्यांच्यावर थुंकतो म्हणे. नियम तसा शहाणपणाचा आहे: तोवर फळं पावसाने पाणचट आणि बुरशीची झालेली असतात.

लिफीकाठी
छान! हेझलनट भाजून जोडी जुळते का पाहतात, ते मुलांसोबत करावं का?

जुनं_पंचांग
नको. दोन हेझलनटना दोघांची नावं देऊन निखाऱ्यापाशी ठेवतात. शांतपणे जळले तर जमलं, एक उडालं तर फिसकटलं. उडतं ते आत अडकलेल्या वाफेमुळे, आणि तडकलेलं कवच डोळ्यात जाऊ शकतं. (नीट वाळवलेले वापरले की जोड्या जास्त टिकतात!) मुलांना सफरचंदाची साल द्या. अखंड सोलायची, डाव्या खांद्यावरून मागे टाकायची, जे अक्षर पडेल ते जोडीदाराच्या नावाचं. रोमनमध्ये बहुधा सी नाहीतर एस निघतो. देवनागरीत वाचलंत तर ट.