‘पत्रकार सगळे विकाऊ’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ: काल आपल्या या चर्चागटात एका सदस्याने लिहिले की पत्रकार सगळे विकाऊ आहेत आणि उद्या वर्तमानपत्रे बंद पडली तरी कोणाचे काही अडणार नाही. आपले मराठवाड्यातले जिल्हे ज्या राज्यात होते, त्या निजामाच्या राज्यात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना भारतात विलीनीकरणाची बाजू मांडल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी ठार मारले आणि त्यांचा हात तोडला. ज्याच्या लिहिण्याने कोणाचे काहीच अडत नाही, त्याचा हात कोणी कशाला तोडेल? 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून शब्दशः सारखा छापून आला, हेही पी. साईनाथ या पत्रकारानेच उघडकीस आणले होते.

मांजरापट्टा: ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. 1948 ची पुण्याई आणखी किती वर्षे खायची? 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते तेव्हा, आमच्या गावात टँकरची खेप दिवसाला एक येई आणि वहीत तीन लिहिल्या जात. त्या वहीच्या पानाचा फोटो मी स्वतः एका वार्ताहराच्या हातात दिला. बातमी आली नाही. चौथ्या दिवशी त्याच टँकर ठेकेदाराच्या वाढदिवसाची अर्धे पान जाहिरात मात्र आली. साईनाथांनी उघड केले म्हणता, पण पुढे काय झाले? वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल फार तर ताशेरे ओढते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

जुना वार्ताहर: तो फोटो आपण मला दिला नव्हता, तरीही उत्तर देतो, कारण अकरा वर्षे मी तालुक्याला हेच काम केले. बातमीचे मानधन महिन्याच्या पेट्रोललाही पुरत नसे; घर चालायचे ते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी पुरवणीचे टार्गेट ठरलेले, आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण, तर ठेकेदार, संस्थाचालक आणि कारखान्याचे संचालक, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लिहायचे तेच. एका पुढाऱ्याने वाढदिवसाच्या जाहिरातीचे बिल बुडवले, तेव्हा कार्यालयाने ती रक्कम माझ्या कमिशनमधून कापून घेतली. आपण पाच रुपयांचा अंक विकत न घेता त्याची पीडीएफ फुकट वाचता आणि वर निर्भीडपणाची अपेक्षा ठेवता.

मांजरापट्टा: म्हणजे दोष वाचकाचा! वाढदिवसाच्या जाहिराती आम्ही देत नाही.

जुना वार्ताहर: त्या अर्ध्या पानाच्या तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून टिकलीएवढ्या फोटोंची रांग असते, हे आपणास ठाऊक असेलच. आपला तालुका कोणता ते येथे सर्वांना माहीत आहे. त्या रांगेत आपण नव्हता, असे लिहून द्यावे.

गोदाकाठ: कृपया वैयक्तिक होऊ नये. मूळ प्रश्न विश्वासाचा आहे.

मांजरापट्टा: होऊ द्या वैयक्तिक. होतो मी त्या रांगेत. पाचशे रुपये वर्गणी मागायला चौघे दारात उभे राहिले, आणि नाही म्हटले असते तर येणारी एक खेपही बंद झाली असती. आता झाले समाधान?

जुना वार्ताहर: समाधान कसले? माझ्या दारात कोणी उभे राहत नसे, एक फोन पुरत असे. पत्रकारांवरील हल्ल्यांसाठी राज्याने 2017 मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला. पण जाहिरात बंद करणे हा त्यात हल्ला नाही.

मांजरापट्टा: ठीक आहे. ‘सगळे’ हा शब्द खोडतो. ‘विकाऊ’ राहू द्या. त्या वहीच्या पानाचा फोटो अजून माझ्याकडे आहे. तो छापणारा कोणी माहीत असेल, तर येथेच नाव सुचवावे.

गोदाकाठ: पाठवा. पण पानावर तलाठ्याची किंवा ग्रामसेवकाची सही आहे का, ते आधी पाहा.