छापील टायर लावला की मॉडेल बाद? (उसाच्या ट्रॅक्टरवरून)

मोळी_वाळवा
काल माझ्या दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या ट्रॅक्टरच्या लेगो मॉडेलखाली एकाने लिहिलं: "थ्रीडी प्रिंटचे टायर आणि खराट्याचे हीर. हे ब्रिक मॉडेल नव्हे, शाळेतली हस्तकला." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडच्या पन्नास एचपी ट्रॅक्टरला मागे १४.९-२८ टायर असतो. व्यास साधारण १.३६ मीटर, रुंदी ३८ सेंटिमीटर. लेगोचा ८१.६×३८ (व्यास×रुंदी, मिलिमीटरमध्ये) टायर घेतला की स्केल १:१७ च्या आसपास येतं आणि पुढे ४३.२ चा टायर उंचीला बरोबर बसतो. पण त्या मागच्या टायरची ३८ मिलिमीटर रुंदी १७ ने गुणली की जवळपास ६५ सेंटिमीटर होते. ३८ च्या जागी ६५! असा ट्रॅक्टर जर्मनीच्या शेतात शोभेल, इस्लामपूरच्या रस्त्यावर नाही. मोटरसायकलचा ९४.२×२२ टायर अंगाने बारीक आहे, पण त्यावर ट्रॅक्टरची तिरकी नक्षी नाही. जो टायर कंपनीने काढलाच नाही तो छापला, यात गुन्हा कसला?

अजिंक्यतारा_स्टड
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

स्टड (ब्रिकवरचे गोल उंचवटे) ८ मिलिमीटरवर, ब्रिक ९.६ उंच, प्लेट म्हणजे पातळ ब्रिक ३.२. या चौकटीत आकार बसवणं हाच तर सगळा खेळ. पाच प्लेटची उंची म्हणजे बरोबर दोन स्टड. एवढ्या एका हिशोबावर आडवे ब्रिक लावून लोक बॉनेटच्या जाळ्या उभ्या करतात. अडलं की प्रिंटर सुरू करायचा, तर मग बॉनेट तरी ब्रिकचं कशाला? तेही छापा.

आणि टायरला उत्तर आहे. स्केल बदला. ६२.४×२० घ्या, १:२२ येतं. रुंदी ४४ सेंटिमीटर, म्हणजे फरक फक्त सहाचा. आधी टायर ठरवायचा, मग स्केल. तुम्ही उलटं केलंत.

मोळी_वाळवा
मागचं जमलं, पुढचं कोण बघणार? १:२२ ला पुढे ३०.४×१४ लावाल. खरा टायर ६.००-१६, म्हणजे सहा इंच, १५ सेंटिमीटर रुंद. तुमचा होतो ३१. दुप्पट! १:१७ ला ४३.२×१४ लावला तरी तेवीसच्या पुढे जातो, पण डोळ्याला निदान सोसवतो. शिवाय १:२२ ला बॉनेट जेमतेम चार स्टडचं. लेगोची पाच स्टड रुंद एक्सएल मोटर त्यात कुठे घालणार?

मिरज_यार्ड
दोघंही टायरवर भांडताय आणि त्या मॉडेलचा खरा दोष कुणी बोलतच नाही. हूक उंच आहे. दांडा मागच्या एक्सलच्या वर जोडला की ओढ लागताच पुढची चाकं उचलतात. हूक एक्सलच्या खाली पाहिजे, खऱ्या ट्रॅक्टरला असतो तसाच.

सहा सेलचा डबा पाच स्टडच्या बॉनेटमध्ये मावत नाही म्हणून तो पहिल्या ट्रॉलीत टाकलाय. तिथेच घात झाला. सहा एए अल्कलाईन सेल म्हणजे जवळजवळ १४० ग्रॅम. ते ट्रॅक्टरवर असते तर मागच्या चाकांना पकड मिळाली असती. आता तेच वजन ओढायचंय, आणि चाकं जागच्या जागी फिरतायत. डबा सीटखाली आडवा घ्या, मडगार्ड एक स्टड बाहेर काढा, बसतो. वायर जोडावरून न्यायचीच असेल तर पूर्ण वळणाला पुरेल एवढी ढील सोडा, नाहीतर दुसऱ्याच वळणात प्लग सुटेल.

गिअर मात्र बरोबर निवडलाय. एक्सएल मोटर मोकळी मिनिटाला २२० फेरे देते, ८ दातांवरून २४ वर घेतली की ७३. या चाकाला आणि या स्केलला ते खऱ्या १८-१९ किलोमीटरच्या वेगाएवढं होतं. भरल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तसाच चालतो. फक्त तो ८ दातांचा गिअर दोन्ही बाजूंनी बीममध्ये (भोकांच्या लेगो पट्टीत) धरा. एका बाजूने मोकळा ठेवला की लोडवर एक्सल वाकतो आणि दात कटकट उडतात.

कारखाना_रोड
टायर सोडा. ऊस चुकलाय, आणि तो हिरांमुळे नाही. हिरव्या पानांसकट ऊस ट्रॉलीत कुणी भरतं का? तोडताना पाला सोलतात, वाढे म्हणजे हिरवे शेंडे छाटतात, वाढ्यानेच मोळी बांधतात. हिरवं दिसेल ते फक्त बंधाला. इथे तर ट्रॉलीवर कडवळ (हिरवा चारा) भरल्यासारखं दिसतंय.

अजिंक्यतारा_स्टड
निदान हे कुणीतरी बोललं. पण मुळात हीर का? लेगोची ३ मिलिमीटरची ताठ नळी १९ स्टड लांबीची, १५.२ सेंटिमीटरची मिळते. १७ ने गुणा, अडीच मीटर होते. नेमकी उसाची लांबी.

कारखाना_रोड
लांबी नेमकी, जाडी? ३ गुणिले १७ म्हणजे पाच सेंटिमीटरच्या वर. तो ऊस नव्हे, बांबू. ऊस अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलला दीड-पावणेदोन मिलिमीटर. नारळाचा हीर मध्यभागी एवढाच असतो. बुडाचा जाड भाग आणि शेंड्याचा बारीक भाग काढून टाकायचा, मधले १५ सेंटिमीटर ठेवायचे.

सगळी ट्रॉली हिरांनी भरायला जाऊ नका. आतली रुंदी १२६ मिलिमीटर आणि ढीग ११० उंच धरला तर चार हजारांवर काड्या लागतील. आत बीमचा पोकळ सांगाडा करा, वर आणि बाजूंना दोन थर द्या, चारशेच्या आसपास काड्यांत भागतं. मागची टोकं मात्र खरी दिसली पाहिजेत. तिथे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे उभे-आडवे न करता एकाच दिशेने दाबून बसवा, कापलेली तोंडं बाहेर. सांगाडा ब्रिकने भरीव केलात तर वजन वाढेल आणि मिरज_यार्ड म्हणतात तशी चाकं फिरत बसतील.

मिरज_यार्ड
सांगाडा काढता येईल असा ठेवा म्हणजे गव्हाणीचा, कारखान्यात ऊस टाकतात त्या जागेचा, देखावाही करता येतो. खाली दोन दोऱ्या आडव्या टाकून ठेवल्या की क्रेन सगळा ढीग उचलते. क्रेनच्या ड्रमला वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि २४ दातांचा गिअर द्या. मोटर बंद केली तरी ओझं खाली घसरत नाही.

अजिंक्यतारा_स्टड
चर्चा ब्रिकवरून खराट्यावर गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. एकदा हीर चालले की उद्या पत्रा चालेल, परवा एमसील. प्रदर्शनात शेजारी महिनाभर नुसत्या ब्रिकशी झगडून एसटी उभी केलेली असते. तिच्याशी याची तुलना कशी करायची? फसवणूक आहे ही.

मोळी_वाळवा
फसवणूक हा शब्द मागे घ्या. टायर छापील आहेत हे त्या मॉडेलच्या पोस्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत.

आणि शुद्धतेचं सोवळं सगळीकडे सारखं पाळा ना. रबरी नळी आणि दोरी तुम्ही लोक कापताच. लेगोलँडमधली मोठी मॉडेलं खुद्द कंपनी चिकटवते. सुट्या पार्टचं म्हणाल तर २०२० ला खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ ला ७०. वर २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती. बाहेरून चार टायर मागवायचे तर टायरपेक्षा टपाल आणि शुल्क जड होतं. पुण्या-मुंबईत एकमेकांकडून पार्ट मिळतात. साताऱ्या-सांगलीत ज्याला नेमका तोच पार्ट पाहिजे त्याने काय करायचं? मॉडेलच करायचं नाही?

कारखाना_रोड
अस्सल अस्सल म्हणून तरी किती धरायचं! अस्सल तपकिरी आणि गडद लाल ब्रिकची काही वर्षांची बॅच काढताना कडाकड तुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. लाल ट्रॅक्टर करणाऱ्याने गडद लाल क्लिप जुन्या साठ्यातून घेऊ नये. लावताना नाही, पण उपसताना जातेच.

अजिंक्यतारा_स्टड
शुल्काचा मुद्दा मान्य. तपकिरीचाही मान्य, त्यावर वाद नाही. पहिली ओळ मी वाचली नव्हती. फसवणूक हा शब्द मागे घेतो. हस्तकला हा शब्द मात्र राहील, कारण ओढीचं काम करणारा भाग छापलाय. दिखाऊ भाग असता तर गप्प बसलो असतो. प्रदर्शनात 'मिश्र' म्हणून वेगळं टेबल द्या, माझी हरकत नाही. शुद्ध ब्रिकच्या रांगेत नको.

मोळी_वाळवा
वेगळं टेबल चालेल. मागच्या कोपऱ्यात नको.

मिरज_यार्ड
टेबल ठरलं, आता कामाचं बोला. ते टायर किती टिकतील? फोटोत रिमवर सरकल्यासारखे दिसतायत.

मोळी_वाळवा
टीपीयू ९५ए (रबरासारखं लवचिक प्लास्टिक), भिंती तीन, आत १५ टक्के भराव. रुंदी २२.६ मिलिमीटर, नक्षी २ मिलिमीटर खोल. अस्सल रिम या टायरला फार रुंद, म्हणून रिमही छापलंय. सरकतंय ते एक्सलच्या भोकावर. अधिकच्या चिन्हाच्या (+) आकाराचं भोक छापलंय, लोडवर त्याचे कोपरे झिजतात.

अजिंक्यतारा_स्टड
झिजणारच. छापलेल्या भोकाला ते कोपरे धरवत नाहीत. भोक छापूच नका. मध्ये अस्सल ४० दातांचा गिअर घाला. त्याला एक्सलचं भोक आहे आणि भोवती पिनांची भोकंही आहेत. रिमला आतून त्याच जागी ४.९ मिलिमीटरची गोल भोकं ठेवा आणि चार काळ्या पिनांनी रिम गिअरवर दाबून बसवा. मग ओढ अस्सल प्लास्टिकवर येते, छापील भाग नुसता गोल फिरतो. चार पिना तिरक्या जायला लागल्या तर भोक ०.१ ने मोठं करा, पिन तासू नका.

मोळी_वाळवा
चाळीस दातांचा गिअर रिमच्या आत मावेल. मोजून सांगतो.

कारखाना_रोड
मोजताना पहिल्या ट्रॉलीचा दांडाही मोजा. आठ स्टडपेक्षा आखूड असेल तर पूर्ण वळणात ट्रॉलीचा कोपरा त्याच टायरवर घासणार. आणि ते हिरवे वाढे काढा बाबा आधी.