टॉम थॉमसनची फळकुटावरची स्केचेस मोठ्या चित्रांपेक्षा भारी वाटतात, मलाच का?

रंगपेटी:
मंडळी, महिनाभर कॅनडाच्या या माणसाने झपाटलंय. मी हौशी, ऑइलमधे लँडस्केप करतो, चारपाच वर्षं झाली. थॉमसनची ती छोटी स्केचेस आहेत ना, साधारण २१ बाय २७ सेंमीच्या लाकडी फळकुटांवरची, अल्गॉन्क्विन पार्क नावाच्या तिकडच्या संरक्षित जंगलात जागेवर बसून केलेली, ती बघितली की वाटतं आत्ता वारा सुटला होता आणि याने पटकन पकडला. आणि मग 'द जॅक पाइन' बघतो, जे त्याचं सगळ्यात गाजलेलं, तर आकाश असं पट्ट्यापट्ट्यांचं की कोणी फरशी बसवलीये. मोठं चित्र मला थंड वाटतं. चूक माझ्या डोळ्यांत आहे का?

दुसरं म्हणजे त्याच्या झाडांच्या फांद्यांमधून जो लाल डोकावतो तो कसा आणतात? मी शेंदरी अस्तर मारून त्यावर हिरवा चढवला आणि दोन तासांत सगळ्याचा चिखल. तपकिरी पण नाही, त्याच्याही पलीकडचा काहीतरी.

तिरपा_कुंचला:
डोळे ठीक आहेत तुमचे, पण फरशी हा शब्द थोडा लागला हं :) थॉमसन आधी कमर्शियल आर्टिस्ट होता हे लक्षात घ्या. टोरांटोला ग्रिप नावाच्या फर्ममधे नोकरी, जाहिराती, अक्षरं, सजावट असली कामं. पार्कात पहिल्यांदा गेला तोच १९१२ मधे, म्हणजे पस्तिशीला आला होता, आणि १९१७ च्या जुलैमधे तिथल्याच कनू लेक या तलावात मेला, वय ३९. सगळा खेळ पाच वर्षांचा.

आता कामाची पद्धत बघा. वसंतापासून पानगळीपर्यंत तिकडे जंगलात, होडीत एक पेटी, तिच्या झाकणात फळी अडकवायची, खाली पॅलेट, आणि ऊन बदलायच्या आत काम संपवायचं. हिवाळ्यात टोरांटोला परत, स्टुडिओ बिल्डिंगच्या मागे एक शेड होती त्यात राहायचा आणि तिथे त्यातली मोजकी स्केचेस मोठ्या कॅनव्हासवर घ्यायचा. तेव्हा समोर तलाव नाही, वारा नाही, फक्त ती फळी आणि आठवण. मग हात आपसूक डिझाइनवाल्या सवयीवर जातो, फांद्यांना लयदार वळणं येतात, आकाशाचे आडवे पट्टे होतात. तुम्हाला थंड वाटतंय ते हेच असावं. मला मात्र तेच आवडतं.

पाणकावळा:
मी मोठ्या चित्राच्या बाजूने भांडणार. 'जॅक पाइन' साधारण १२८ बाय १४० सेंमी आहे, म्हणजे जवळजवळ चौरस, आणि ते फोनवर चार बोटांत बघून थंड म्हणणं म्हणजे भीमसेन जोशी फोनच्या स्पीकरवर ऐकण्यातला प्रकार झाला. त्या साइजला प्रत्येक पट्टा हा रंगाचा जाड फटकारा आहे, आकाशात आणि पाण्यात आडवा, झाडात मात्र फटकाऱ्याची दिशाच बदलते, म्हणून झाड त्या शांततेतून वेगळं सुटून येतं. छोट्या फळीवर हे जमलंच नसतं, तिथे सगळंच हलतंय.

आणि जॅक पाइन हे झाड पण काय निवडलंय! खडकाळ, निकस जमिनीत तगणारं, बऱ्याच ठिकाणी त्याची फळं राळेने घट्ट बंद असतात, वणव्याची आच लागली की मग उघडतात आणि बी सांडतं. थॉमसनने १९१६ च्या उन्हाळ्यात तिथेच फायर रेंजरचं काम केलं, म्हणजे वणव्यावर नजर ठेवायची नोकरी, आणि त्याच हिवाळ्यात हे चित्र काढलं. त्याला ठाऊक होतं का ते सोडा, मला तरी चित्र बघताना ते डोक्यातून जात नाही.

मधलीसुट्टी:
थोडं विषयांतर, पण कोणीतरी म्हणायला हवं. या चित्रांवरून 'मानवी स्पर्श नसलेली उत्तर दिशा' वगैरे जे लिहितात ना, ते थॉमसनच्या माथी मारू नका. पार्क १८९३ चा, पण लाकूडतोड आत चालूच होती, त्याने स्वतः ओंडके पाण्यातून सोडतानाचं 'द ड्राइव्ह' रंगवलंय, जळून गेलेल्या टेकड्या रंगवल्यात. ती कोरी, पवित्र उत्तर दिशा जास्त करून नंतरच्या ग्रुप ऑफ सेव्हन या कॅनेडियन चित्रकारांच्या गटाची, आणि त्यातही त्यांच्यातल्या लॉरेन हॅरिसचे ते गुळगुळीत बर्फाचे डोंगर. ग्रुप झाला १९२० ला, हा तर तीन वर्षं आधीच गेलेला. अल्गॉन्क्विन हे मूळनिवासी लोक पिढ्यानपिढ्या तिथले, ते मात्र दोघांच्याही लँडस्केपमधे शोधावे लागतात.

बाकी मृत्यूचं रहस्य, खून की अपघात, त्यावर कृपया कोणी सुरू होऊ नका, त्याच्या नादात चित्र बाजूला राहतं.

तिरपा_कुंचला:
@रंगपेटी लालचं राहिलंच. तो लाल वरून लावलेला नाही, खालून *सोडलेला* आहे. अस्तर पातळ मारा आणि पूर्ण वाळू द्या, चांगले काही दिवस, दोन तासांत कसलं वाळतंय ऑइल. मग वरचा हिरवा जाड घ्या, एकदाच ठेवा आणि घासू नका. फटकारे एकमेकांना चिकटवायचे नाहीत, मधे फट राहू द्यायची, लाल तिथूनच दिसतो. हिरव्याशेजारी लालची ती बारीक रेघ आली की झाड पेटल्यासारखं उठतं.

रंगपेटी:
अरे देवा, मी घासतच होतो की. म्हणजे फट दिसली की हात शिवशिवतो, भरून टाकावीशी वाटते. काल रात्री एक फळी शेंदरी करून ठेवलीये, बोट लावलं तर अजून डाग येतोय. वाळली की करतो.

पाणकावळा, तुमचं ऐकून 'जॅक पाइन' मोठ्या मॉनिटरवर झूम करून पाहिलं. आकाशाबद्दल माघार घेतो. त्यातले डोंगर अजूनही नाही आवडले.