पायाच्या बधिरतेसाठी सोनोग्राफी: तालुक्याच्या रुग्णालयात हवी की नको?

शिक्षक, आर्वी तालुका
माझ्या वडिलांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. यंदा पौषात तुरीचे धसकट त्यांच्या तळव्यात रुतले, आणि संध्याकाळी आईला वहाणेत रक्त दिसले तेव्हाच ते घरात कळले. पुढे नागपूरला त्यांच्या घोट्याच्या आतल्या बाजूच्या टिबियल मज्जातंतूची सोनोग्राफी झाली. आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा तो तंतू फुगलेला असल्याचे पडद्यावर दाखवले गेले, आणि त्यासाठी ना सुई टोचावी लागली ना विजेचे झटके द्यावे लागले. ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मिळालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा
सर, आपली कळकळ समजते, पण मागणी मला पटत नाही. निरोगी आणि बाधित तंतूंच्या जाडीची मापे बरीच एकमेकांत मिसळतात, आणि आग व मुंग्या ज्यांच्यामुळे होतात ते सूक्ष्म तंतू या यंत्राला दिसतच नाहीत. गरोदर मातांच्या तपासणीचा वक्र प्रोब (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) येथे चालत नाही; उच्च वारंवारतेचा वेगळा प्रोब आणि सरावलेला हात लागतो. शिवाय गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर सहज नेता येत नाही. याउलट १० ग्रॅम दाबाचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा ताठ धागा, लवेपर्यंत तळव्याला टेकवायचा, डोळे मिटलेल्या रुग्णाला स्पर्श कळतो का ते विचारायचे, जोडीला कंपन कळते का ते पाहायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) वापरायचा. धोक्यातला पाय ओळखायला एवढे पुरते.

कुष्ठरोग कार्यकर्ता, चंद्रपूर जिल्हा
डॉक्टरसाहेब, फिलामेंट बधिरता दाखवतो, तिचे कारण सांगत नाही. ज्या जिल्ह्यात १९४९ पासून वरोऱ्याचे आनंदवन उभे आहे, तेथे ‘शुगरमुळे पाय बधिर झाला’ असे म्हणून कुष्ठरोग निसटू देणे परवडणारे नाही. मधुमेहाची बधिरता सहसा दोन्ही पायांत सारखी असते; कुष्ठरोगात मात्र तंतू बहुधा एकाच बाजूला, विषम फुगतो, कोपराजवळचा तर विशेष, आणि तो फरक सोनोग्राफीत उमटतो. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार (अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार) मोफत आहे, पण निदानाला उशीर झाला तर गेलेली संवेदना अनेकदा परत येत नाही.

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा
हा मुद्दा मान्य. तरी कोपरामागचा जाड तंतू बोटांना लागतो आणि बधिर चट्टा डोळ्यांना दिसतो, म्हणून आधी रुग्णाचे कपडे काढून नीट तपासणी व्हावी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा पाहावे, कारण ते कमी पडले तरी बधिरता येते. शंका उरलीच तर जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीसाठी पाठवावे. तालुक्यात यंत्राचा आग्रह नको.

शिक्षक, आर्वी तालुका
यंत्राचा आग्रह मी तूर्त बाजूला ठेवतो. पण डॉक्टर, आपण सांगता तो साधा फिलामेंट १२ वर्षांत माझ्या वडिलांच्या तळव्याला कोणीही टेकवला नव्हता. दर महिन्याला गोळ्या मिळत होत्या, साखर मोजली जात होती, आणि पायातली वहाण एकदाही काढायला लावली गेली नव्हती.