मदत हवी आहे: टॉरसमधून चिवचिव आवाज, घेऊ की नको?

मिशिगनकर: जुनी फोर्ड टॉरस बघून ठेवली आहे, उद्या संध्याकाळी हो-नाही कळवायचंय. इंजिन गरम झालं की चिमणीसारखी चिवचिव सुरू होते. विकणारा म्हणतो, इंजिनचा बाहेरचा पट्टा बदला, झालं. लवकर सांगा.

पाना१०: साल? अमेरिकेत १९८६ ते २०१९ मध्ये टॉरसच्या सहा पिढ्या झाल्या. इंजिन कोणतं?

मिशिगनकर: ३.० व्ही६ (तीन लिटर, सहा सिलिंडर). पांढरी, चार दरवाजे.

तेलकट: रंग नको, व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) आठवं अक्षर सांगा. यू किंवा २ म्हणजे व्हल्कन इंजिन, एस म्हणजे ड्युराटेक. दोन्ही ३.० व्ही६च, पण आतून काहीच सारखं नाही.

लंबगोल९६: मागची काच लंबगोल असेल तर १९९६ ते ९९. ती असेल तर जरूर घ्या! १९८६ ला फोर्डचे डिझायनर जॅक टेलनॅक यांच्या चमूने समोरची जाळी काढून टाकली, फक्त मधे लंबगोल बिल्ला ठेवला. तोच विचार ९६ मध्ये टोकाला नेला. असं धाडस नंतर दिसलं नाही.

पाना१०: त्या धाडसाची किंमतही मोजली. १९९२ ते ९६ अमेरिकेत सर्वाधिक खपणारी कार टॉरस, ९७ ला टोयोटाची कॅम्री पुढे गेली. उतरत्या छपरामुळे मागे बसणाऱ्याचं डोकं लागायचं. २००० ला छप्पर उंच केलं आणि डिकी वाढवली ते उगाच नाही.

लंबगोल९६: खप म्हणजे डिझाइन नव्हे.

वेल्डर: एसएचओ (टॉरसची वेगवान आवृत्ती) व्ही८ असेल तर आधी कॅमशाफ्टवरची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवरची, चक्रं वेल्ड करून घ्या. ती दाबून बसवलेली असतात. सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

मिशिगनकर: व्ही८ नाही हो! २००३ ची आहे, आठवं अक्षर यू.

तेलकट: मग व्हल्कन. पट्ट्यावर थांबू नका, कॅमशाफ्ट सिंक्रोनायझर (कॅमशाफ्टची स्थिती सेन्सरला कळवणारा फिरता भाग) बघा. जुन्या मॉडेलांत डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) जिथे असायचा तिथेच, गिअरबॉक्सच्या बाजूला वर. त्याचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती बाही) कोरडं पडलं की चिवचिवतं. त्याच्याच दांड्यावर ऑइल पंप फिरतो. सिंक्रोनायझर अडकून तुटला तर तेलाचा दाब शून्य, आणि इंजिन गेलंच.

पट्टेवाला: दहातल्या नऊ वेळा पट्टाच असतो. चालू इंजिनात पट्ट्यावर पाणी शिंपडा, आवाज बदलला तर पट्टा.

तेलकट: पाण्याने खात्री पटत नाही. पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिटच चालवा, जास्त नको, कारण पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर आहे. आवाज राहिला तर सिंक्रोनायझर. बदलताना आख्खा बदला. वरचा सेन्सर दोन स्क्रूंवर असतो, तो एकटा बदलून चिवचिव जात नाही. काढण्याआधी जुन्याची दिशा खूण करून ठेवा, नवा जुळवणीचं साधन लावूनच बसवा. एक दात चुकला तरी इंजिन चालू होतं, कारण ठिणगीची वेळ क्रँक सेन्सरवरून ठरते. पण इंधन चुकीच्या क्षणी येतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. ऑइल पंपाचा षटकोनी दांडा जागेवर बसला का, तेही बघा.

पाना१०: मिशिगनची गाडी आहे, म्हणजे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि त्याने गंज. सबफ्रेमचे (इंजिनखालच्या चौकटीचे) बुश आणि पुढच्या स्प्रिंगा खालून बघा. तुटलेली स्प्रिंग टायर फाडते. हीटरच्या दोन नळ्यांपैकी एक गरम, एक गार असेल तर हीटर कोर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) तुंबलाय. व्हल्कनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, कूलंट वेळेवर बदललं नाही की त्याचा तपकिरी गाळ होतो.

मिशिगनकर: पट्टा काढूनही आवाज तसाच. नळ्या दोन्ही गरम, स्प्रिंगा शाबूत. सिंक्रोनायझर कुणी बदलायचा ते ठरल्याशिवाय पैसे देत नाही.

तेलकट: ठरेपर्यंत चालवू नका. टोइंगच्या गाडीवर घालून न्या.