मदत हवी आहे: होस्टेलवरच्या मामेभावाबद्दल

मामेभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामा शेती करतो, फी कर्ज काढून भरलीय. चार विषय राहिलेत, एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर धरून. घरी पत्ता नाही.

शनिवारी भेटायला गेले तर मेसचे दोन डबे खिडकीत तसेच, एकाला मुंग्या लागलेल्या. म्हणाला, "झोपच लागत नाही, भूक कुठनं लागणार?" निघताना हेडफोन माझ्या पिशवीत टाकला. दिवाळीत हट्टाने घेतलेला. "ताई, तू वापर. मला नको आता." मी बावळटासारखी ठेवून घेतला. काल रात्री मेसेज आला, "मी नसलो तर बाबांचा एक घोर तरी कमी होईल." लगेच फोन केला तर म्हणे, गंमत केली. रूममेटला सांगितलंय, खोलीतून हलू नकोस.

थेट विचारू का? की नसलेलं डोक्यात भरेल? कॉलेजच्या काउन्सेलरने मागे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत दहा मिनिटांत कटवलं होतं. आता त्याला भीती की डॉक्टरकडे गेलं तर कॉलेजला कळेल. शिवाय मामाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय.

प्रतिसाद: शपथ मोडा, आजच. आणि थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर काही ठरवलंय का तेही विचारा. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्हीही करू शकता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद, पण डॉक्टर उठून कॉलेजला कळवत नाहीत. काउन्सेलरचं म्हणाल, तर जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलंय. पण ते भांडण नंतर. आधी पोरगा.

धागाकर्ती: सातची एसटी मिळाली, साताऱ्याहून निघालेय. फोनवर विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग रडला. 'हो' म्हणाला. अजून ठरवलेलं काही नाही म्हणतो. रूममेट शेजारीच बसलाय. उद्या सकाळी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतेय. मामालाही सांगितलं. मला वाटलं चिडेल, विषयांचं विचारेल. एवढंच म्हणाला, "जेवलाय का गं तो?"